कायदा तोच, खुर्चीवरचा माणूस वेगळा

२७ जानेवारी २०२५. फिलाडेल्फियातल्या होल फूड्सच्या एका दुकानात त्या दिवशी मतदान झाले. युनियन हवी की नको, एवढाच प्रश्न होता. हवी म्हणणारे १३० निघाले, नको म्हणणारे १००. ॲमेझॉनने २०१७ मध्ये ही साखळी विकत घेतल्यापासून युनियनच्या बाजूने कौल देणारे हे पहिले दुकान. त्याच रात्री उशिरा वॉशिंग्टनमध्ये ग्विन विलकॉक्स नावाच्या बाईंना व्हाइट हाउसकडून ई-मेल आला, की तुम्हाला पदावरून दूर करण्यात आले आहे. डोनाल्ड ट्रम्प यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतल्याला तेव्हा सात दिवस झाले होते.

विलकॉक्स या नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाच्या सदस्य होत्या. खासगी कंपन्यांचे मालक आणि कामगार यांच्यातले युनियनसंबंधीचे तंटे हे मंडळ सोडवते. त्यांची मुदत ऑगस्ट २०२८ पर्यंत होती. कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, की सदस्याला काढायचे तर कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन हेच कारण हवे, आणि तेही नोटीस देऊन, सुनावणी घेऊन. नव्वद वर्षांत एकाही अध्यक्षाने या मंडळाच्या सदस्याला काढलेले नव्हते. पाच खुर्च्यांपैकी दोन आधीच रिकाम्या होत्या, विलकॉक्स गेल्यावर दोनच माणसे उरली. कोरमला तीन लागतात. तीनपेक्षा कमी सदस्यांनी दिलेला निकाल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवले आहे.

मग होल फूड्सने निवडणुकीच्या निकालावर जे आक्षेप घेतले, त्यात एक असा होता: मंडळाला कोरमच नाही, तर ही निवडणूक प्रमाणित कोण करणार? फिलाडेल्फियातल्या त्या १३० जणांनी आपल्या दुकानात मत दिले होते, पण त्या मताची किंमत नोव्हेंबरमध्ये देशभर पडलेल्या दुसऱ्याच मतांवर ठरू लागली.

अमेरिकेत अध्यक्ष बदलला की कामगार कायदा बदलतो, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. कायद्याचे पुस्तक जवळपास तसेच राहते. युनियनचा कायदा १९३५ चा आहे, किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा १९३८ चा, वंश, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करायला मनाई करणारा १९६४ चा. बदलतो तो ही पुस्तके वाचून दाखवणारा माणूस. गावात सातबारा तोच असतो, पण तलाठी बदलला की गावकऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून चकरा माराव्या लागतात, तसे हे.

आपल्याकडच्या वाचकाने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. अमेरिकेत नोकरी ही मालकाच्या मर्जीवर असते. माँटाना हे एक राज्य सोडले, तर कारण न देता आणि नोटीस न देता माणसाला घरी पाठवता येते. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वाढलेल्या माणसाला हे चटकन पचत नाही. तिथे कामगाराला जे काही संरक्षण आहे ते या मर्जीला घातलेल्या मोजक्या अपवादांचे आहे. म्हणूनच अपवाद कोण लावतो आणि किती ताणून लावतो, याला इतके महत्त्व.

आता ओव्हरटाइमचे पाहा. कायदा म्हणतो, आठवड्याला ४० तासांच्या वर काम घेतले तर दीडपट दर द्या. मात्र व्यवस्थापक, प्रशासक आणि व्यावसायिक यांना तो लागू नाही. मालकाने दुकानातल्या पोऱ्याला ‘असिस्टंट मॅनेजर’ अशी पाटी लावून साठ तास राबवू नये, म्हणून पगाराची एक रेषा आखलेली असते. रेषेच्या खाली पगार असेल तर पाटी काहीही असो, ओव्हरटाइम द्यावाच लागतो. ही रेषा संसद ठरवत नाही, कामगार खाते ठरवते. म्हणजे पर्यायाने अध्यक्ष.

२००४ पासून ती वर्षाला २३,६६० डॉलरवर होती. ओबामांच्या खात्याने २०१६ मध्ये ती एकदम ४७,४७६ केली. १ डिसेंबर ही अंमलाची तारीख. कंपन्यांनी तयारी केली, वॉलमार्टने तर नव्या व्यवस्थापकांचा पगार ४५,००० वरून ४८,५०० वर नेऊन ठेवला. मधल्या काळात ट्रम्प निवडून आले आणि २२ नोव्हेंबरला, अंमल नऊ दिवसांवर असताना, टेक्सासच्या पूर्व जिल्ह्यातल्या फेडरल न्यायालयाने नियमाला देशभर स्थगिती दिली. न्यायाधीश होते एमॉस मॅझंट, ओबामांनीच नेमलेले. ट्रम्प यांच्या खात्याने नंतर मधला आकडा काढला, ३५,५६८. बायडेन यांच्या खात्याने २०२४ मध्ये दोन पायऱ्या ठरवल्या: १ जुलैपासून ४३,८८८ आणि १ जानेवारी २०२५ पासून ५८,६५६. पहिली पायरी अमलात आली, पगार वाढले, तक्ते बदलले. मग १५ नोव्हेंबर २०२४ ला, निवडणुकीला दहा दिवस झाले असताना, टेक्सासच्या त्याच पूर्व जिल्ह्यातल्या दुसऱ्या न्यायाधीशाने दोन्ही पायऱ्या रद्द केल्या. यावेळचे न्यायाधीश ट्रम्प यांनी नेमलेले. रेषा पुन्हा ३५,५६८ वर.

या हेलकाव्यात मालकांचा फायदाच झाला, असे समजण्याचे कारण नाही. जुलैत वाढवलेला पगार नोव्हेंबरात परत कसा मागायचा? मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. पंचवीस माणसांच्या छापखान्याच्या किंवा खाणावळीच्या मालकाकडे ती नसते, आणि हिशेबनीस चुकला तर मागील थकबाकीसह दंड त्यालाच भरावा लागतो. मला वाटते, या देशात लहान मालकाची खरी तक्रार नियम कडक आहे ही नसावी, नियम कोणता आहे हेच कळत नाही ही असावी.

विलकॉक्स यांच्या मंडळाचा इतिहास तर याहून गमतीचा आहे. खासगी विद्यापीठात वर्गावर शिकवणारा पीएचडीचा विद्यार्थी कामगार आहे की विद्यार्थी? क्लिंटन यांच्या काळातल्या मंडळाने २००० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात सांगितले, कामगार आहे. धाकट्या बुश यांच्या मंडळाने २००४ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या प्रकरणात सांगितले, विद्यार्थीच. ओबामांच्या मंडळाने २०१६ मध्ये कोलंबियाच्या प्रकरणात सांगितले, कामगार. कायद्यातले एक अक्षरही या सोळा वर्षांत हलले नव्हते. पीएचडीला सहा-सात वर्षे लागतात. आपली मुले तिथे जातात तेव्हा शिष्यवृत्ती पाहून जातात, मंडळावर कोणत्या पक्षाचे तीन लोक आहेत हे कोणी पाहत नाही.

ठेकेदारीचेही तसेच. कॅलिफोर्नियातल्या मिल्पिटासच्या कचरा-वर्गीकरण केंद्रात पट्ट्यावर काम करणारे लोक एका पुरवठादार कंपनीचे, केंद्र ब्राउनिंग-फेरिसचे. युनियनने वाटाघाटी कोणाशी करायच्या? ओबामांच्या मंडळाने २०१५ मध्ये म्हटले, दोघेही मालक, कारण कामाच्या अटींवर मूळ कंपनीचा अप्रत्यक्ष ताबाही पुरेसा आहे. पहिल्या ट्रम्प कारकिर्दीत डिसेंबर २०१७ मध्ये ते उलटवले गेले, पण मतदान करणाऱ्या एका सदस्याचे हितसंबंध आड येतात म्हणून दोनच महिन्यांत तो निकाल मागे घ्यावा लागला. मग २०२० मध्ये नियम करून तेच साधले. बायडेन यांच्या मंडळाने २०२३ मध्ये उलट नियम केला आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द झाला. कुठे, हे आता सांगायला नको. टेक्सासच्या पूर्व जिल्ह्यातच.

संसद का करत नाही मग एकदाचा कायदा? सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायचे तर १०० पैकी ६० मते लागतात आणि कामगारांच्या प्रश्नावर साठ माणसे एका बाजूला येत नाहीत. युनियनचे हात बळकट करणारे ‘प्रो ॲक्ट’ नावाचे विधेयक कनिष्ठ सभागृहाने २०२० मध्ये मंजूर केले, २०२१ मध्ये पुन्हा केले. सिनेटमध्ये ते तसेच पडून राहिले.

क्वचित मात्र निवडणुकीने खरोखरच कायदा घडवला आहे. बाळंतपण, आजारपण, घरच्यांची सेवा यांसाठी रजा देणारे विधेयक थोरल्या बुश यांनी १९९० आणि १९९२ असे दोनदा नाकारले. क्लिंटन आले आणि ५ फेब्रुवारी १९९३ ला, कारकीर्द सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, त्यांनी सही केलेला हा पहिला कायदा ठरला. बारा आठवड्यांची रजा, नोकरी शाबूत. ती बिनपगारी होती आणि इतक्या वर्षांनंतरही बिनपगारीच आहे. २००९ मध्ये ओबामांनी सही केलेला पहिला कायदाही असाच. अलाबामातल्या गुडइयरच्या टायर कारखान्यात लिली लेडबेटर पर्यवेक्षक होत्या. आपल्याला पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार मिळतो हे त्यांना एका निनावी चिठ्ठीतून कळले. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, तक्रारीची १८० दिवसांची मुदत उलटून गेली आहे. दर वेळी कमी पगार हाती पडला की मुदत नव्याने मोजायची, असे मग संसदेने कायद्यात घातले. लेडबेटर यांना स्वतःला त्यातून एक पैसाही मिळाला नाही.

नियम उलटतात आणि पुन्हा उलटतात, मंडळे फिरतात आणि पुन्हा फिरतात. पण अध्यक्षाच्या हातून एक गोष्ट अशी होते, जी पुढच्या अध्यक्षाला परत फिरवता येत नाही. ती म्हणजे सर्वोच्च न्यायालयावरची नेमणूक. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया १३ फेब्रुवारी २०१६ ला वारले. तेव्हा न्यायालयापुढे कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांचे प्रकरण होते. सरकारी नोकरीत युनियनचा सदस्य नसलेल्यानेही युनियनला वाटाघाटींपुरते शुल्क द्यायचे की नाही, हा त्यातला प्रश्न. १९७७ पासून उत्तर ‘द्यायचे’ असे होते. स्कॅलिया असते तर ते बदलणार अशी सगळ्यांची अटकळ होती. ते गेले आणि मार्चमध्ये निकाल चार विरुद्ध चार असा अडकला, जुना नियम वाचला. ओबामांनी मेरिक गार्लंड यांचे नाव सुचवले. रिपब्लिकन सिनेटने सुनावणीच घेतली नाही, निवडणूक होऊ द्या म्हणाले. निवडणूक झाली, ट्रम्प आले, एप्रिल २०१७ मध्ये नील गोरसच खुर्चीवर बसले. २७ जून २०१८ ला जेनस खटल्यात तोच प्रश्न पुन्हा आला आणि पाच विरुद्ध चार मतांनी एक्केचाळीस वर्षांचा नियम गेला.

त्याआधी महिनाभर याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला होता. नोकरीच्या करारात ‘तक्रार असेल तर एकेकट्याने लवादाकडे जाईन, इतरांबरोबर मिळून दावा लावणार नाही’ असे कलम मालकाला घालता येते, असा. लिहिणारे गोरसच, आणि कौल पुन्हा पाच विरुद्ध चार. त्या एपिक सिस्टिम्स खटल्याची सुनावणी २ ऑक्टोबर २०१७ ला झाली, तेव्हा न्यायालयात एक विलक्षण दृश्य होते. कामगार मंडळाचे वकील कामगारांची बाजू मांडत होते आणि त्याच सरकारचा न्याय विभाग मालकांची. खटला दाखल करताना दोघे एकाच बाजूला होते. मधे निवडणूक झाली होती. आज अमेरिकेत कोट्यवधी नोकरदारांच्या करारात ते कलम असते आणि बहुतेकांनी रुजू होताना संगणकावर एक चौकोन टिचकवून ते मान्य केलेले असते. २०२० मध्ये बायडेन जिंकले, त्याने हा निकाल उलटला नाही.

विलकॉक्स यांचे काय झाले? मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या जिल्हा न्यायाधीश बेरिल हॉवेल यांनी त्यांना परत कामावर घ्यायला लावले. २२ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रोखून धरला. या भांडणाच्या मुळाशीही १९३५ हेच साल आहे. फेडरल ट्रेड कमिशनचे सदस्य विल्यम हम्फ्री यांना अध्यक्ष रूझवेल्ट यांनी धोरण जुळत नाही म्हणून काढले होते. हम्फ्री वारले, त्यांच्या वारसव्यवस्थापकाने थकलेल्या पगारासाठी दावा लावला आणि मे १९३५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की अशा स्वतंत्र मंडळाच्या सदस्याला अध्यक्ष मनाला येईल तसा काढू शकत नाही. पाच आठवड्यांनी रूझवेल्ट यांनी कामगार मंडळाच्या कायद्यावर सही केली. म्हणजे ज्या भिंतीला टेकून हे मंडळ उभे राहिले, ती भिंत रूझवेल्ट यांच्या पराभवातून उभी झाली होती. त्याच फेडरल ट्रेड कमिशनच्या रिबेका स्लॉटर यांना ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये काढले, आणि हम्फ्रीचा निकाल ठेवायचा की मोडायचा यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये सुनावणी घेतली.

तटस्थपणे सांगायचे तर पहिला दगड बायडेन यांनी मारला होता. मंडळाचे मुख्य वकील पीटर रॉब यांना त्यांनी शपथविधीच्या दिवशीच काढले. त्या पदाला सदस्यांसारखे संरक्षण कायद्यात लिहिलेले नाही हे खरे. पण मुदत दहा महिने उरली असताना असे कोणी कधी केले नव्हते, हेही तितकेच खरे.

एडिसन, फ्रिमाँट, डॅलसच्या मराठी घरांत हा विषय दुसऱ्या वाटेने येतो. एच-१बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली, तर देश सोडण्याआधी दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. ही सवलत ओबामांच्या सरकारने शेवटच्या दिवसांत दिली. अंमल १७ जानेवारी २०१७ पासून, ट्रम्प यांच्या पहिल्या शपथविधीच्या तीन दिवस आधी. एच-१बीवाल्यांच्या काही जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळाली तीही ओबामांच्या काळात, मे २०१५ पासून. तिचा लाभ घेणाऱ्यांत बहुसंख्य भारतीय स्त्रिया आहेत. पहिल्या कारकिर्दीत ट्रम्प सरकार ती काढणार असे चार वर्षे सांगत राहिले आणि काढली नाही. इंजिनिअर झालेल्या, घराचा हप्ता आपल्या पगारातून भरणाऱ्या बायकांनी ती चार वर्षे टांगत्या तलवारीखाली काढली. जून २०२० मध्ये एच-१बीवर नव्याने येणाऱ्यांना काही महिने दार बंद झाले. आणि १९ सप्टेंबर २०२५ ला, शुक्रवारी, नव्या एच-१बी अर्जामागे एक लाख डॉलर भरण्याचा आदेश निघाला, अंमल रविवारपासून. पितृपक्ष संपत होता, काही जण घटस्थापनेसाठी भारतात आलेले. कंपन्यांनी रातोरात निरोप धाडले, बाहेर असाल तर परत या. सध्याच्या व्हिसाधारकांना हे लागू नाही, हा खुलासा शनिवारी आला. तोवर मिळेल त्या दराने तिकिटे काढून झाली होती.

इकडे कामगार मंडळ बंद पडले म्हणून राज्यांनी हातपाय हलवले. सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कने कायदा केला, की केंद्राचे मंडळ काम करत नसेल तर हे तंटे आमचे राज्य मंडळ ऐकेल. महिनाअखेर कॅलिफोर्नियाने तसाच कायदा केला. तोवर ऑगस्टअखेर आणखी एका सदस्याची मुदत संपून केंद्रीय मंडळावर एकच माणूस उरला होता. निकाल देता न येणाऱ्या त्या मंडळाने न्यूयॉर्कवर दावा मात्र लावला. कॅलिफोर्नियाला वेगळे वागायची सवय जुनी आहे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचे नाही, ही अट तिथे १८७२ पासून चालत नाही. देशभर ती अट रद्द करणारा नियम फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०२४ मध्ये केला, तीन कोटी लोक मोकळे होतील म्हणाले. ऑगस्टमध्ये टेक्सासच्या न्यायालयाने तो अडवला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने अपीलच सोडून दिले.

मतदाराच्या मनात काय असते, हे शोधायला मिझुरीत जावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे सुमारे ५८ टक्के लोकांनी ट्रम्प यांना मत दिले आणि त्याच मतपत्रिकेवर जवळपास तितक्याच लोकांनी १५ डॉलर किमान वेतन आणि पगारी आजारपणाची रजा यांना. रिपब्लिकन विधानसभेने आणि गव्हर्नरने पुढच्या उन्हाळ्यात ती रजा रद्द केली. युनियनवाल्यांचाही अंदाज असाच चुकतो. १९८० मध्ये विमान-नियंत्रकांच्या संघटनेने रेगन यांना पाठिंबा दिला होता. पुढच्याच ऑगस्टमध्ये संपावर गेलेल्या ११,३४५ नियंत्रकांना रेगन यांनी अठ्ठेचाळीस तासांची मुदत देऊन घरी बसवले. खासगी मालकांनी त्यातून जो धडा घेतला, तो कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. बायडेन सप्टेंबर २०२३ मध्ये मिशिगनला वाहन कामगारांच्या संपात जाऊन उभे राहिले. पदावर असताना असे करणारे ते पहिले अध्यक्ष. तरी ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनने २०२४ मध्ये कोणालाच पाठिंबा दिला नाही, आणि मिशिगन ट्रम्प यांनी जिंकले.

ज्यांची मुले, सुना, जावई तिथे नोकरी करतात, त्यांनी निवडणुकीच्या रात्री आकडे जरूर बघावेत. पण त्यांना दोन प्रश्नही विचारावेत: तू कोणत्या राज्यात आहेस, आणि रुजू होताना सही केलेल्या कागदात लवादाचे कलम आहे का? पुढची चार वर्षे कशी जातील हे बरेचसे या दोन उत्तरांवर ठरेल. केंद्राचे किमान वेतन मात्र या सगळ्या उलथापालथीत हललेले नाही. ते २४ जुलै २००९ पासून ताशी ७ डॉलर २५ सेंट आहे. त्यानंतर अध्यक्षपदाच्या चार निवडणुका झाल्या, आणि त्यात एका सेंटचीही भर पडलेली नाही.